मुठीत बसला की पास

आमच्या घरात एक काळ असा होता की पाहुणा आला की त्याला आधी पाणी नाही, दगड मिळायचा. पाहुण्याचं एक पाऊल उंबऱ्याबाहेर असतानाच अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच्या उजव्या हातात एक धोंडा ठेवत आणि म्हणत, "धरा. घट्ट धरा. बसला ना मुठीत?" आता मुठीत बसणार नाही असा दगड अण्णांनी आणलाच नसता, कारण तो नदीवरून सायकलीला टांगून आणायचा कसा? पण हे त्यांना सांगणार कोण? पाहुणा बिचारा म्हणायचा, "बसला की." मग अण्णांचा चेहरा उजळायचा. "लाखो वर्षांपूर्वी तुमच्यासारखाच एक माणूस हेच हत्यार हातात धरून उभा होता," ते म्हणायचे. पाहुणा शेजारच्या सावंतांचा जावई असो नाहीतर गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस असो, तो जरा ताठ उभा राहायचा. एवढं झालं की मग चहा.

आम्ही तेव्हा अंबरनाथ पूर्वेला चाळीत राहायचो. पुढची खोली, स्वयंपाकघर, आणि मागच्या बाजूला पत्र्याची एक लहानशी खोली. ही मागची खोली आईनं मालकाशी भांडभांडून वाढवून घेतली होती, आणि तिथं बारावीच्या वर्षी मी अभ्यासाला बसायचं असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे आईनं ठरवलं होतं. तिला स्वतःला सातवीत शाळेतून काढलं होतं, त्यामुळे माझ्या शिक्षणाबद्दल तिचं मत फार कडक होतं, आणि त्या मताला दार, कडी आणि चाळीस वॅटचा बल्ब असलेली खोली हवी होती. ती खोली मला मिळणं आणि तीत दगड येऊन राहणं, या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. खोली पत्र्याची, दगड काळे. उन्हाळ्यात आत ठेवली तर भाकरी भाजून निघाली असती.

अण्णा दगडांकडे कसे वळले हे सांगायचं तर त्यांचं काम सांगायला हवं. ते एका कारखान्यात तपासनीस होते. तिथं पाइपांचे जोड व्हायचे, आणि झालेला प्रत्येक जोड अण्णांच्या टेबलावर यायचा. त्यांच्याकडे लोखंडाची मापं असत, त्याला गेज म्हणत. जोड गेजमध्ये बसला की पास. नाही बसला की अण्णा बाजूच्या डब्यात ब्रश बुडवून त्याच्यावर तांबड्या ऑइलपेंटचा एक ठिपका द्यायचे. हा ठिपका फार महत्त्वाचा. तो नसेल तर रिजेक्ट माल संध्याकाळपर्यंत कुणीतरी गुपचूप पास मालात सरकवतो, असं अण्णा सांगत. ठिपका पुसता येत नाही. अण्णांचा ठिपका एकदा पडला की साहेबाच्या बापालाही तो जोड गिऱ्हाइकाला विकता येत नसे, आणि या गोष्टीचा अण्णांना जेवढा अभिमान होता तेवढा मला वाटतं आमचाही नव्हता.

मग कारखान्याला टाळं लागलं. संप, टाळेबंदी, बोलणी, पुन्हा टाळेबंदी; त्यातलं मला तेव्हा काही कळलं नाही आणि आता कळून उपयोग नाही. मला आठवतो तो भोंगा. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की आई तवा ठेवायची, दुपारच्या भोंग्याला भात उतरवायची, आणि संध्याकाळच्या भोंग्याला चहाचं आधण. भोंगा बंद झाल्यावर आमच्या घरातलं जेवण कधीही होऊ लागलं. आई मध्येच तवा हातात घेऊन उभी राहायची, कान लावून. अण्णा नेहमीप्रमाणे पहाटे उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून राहायचे. त्यांच्या टेबलावर काहीच यायचं नाही. माणूस तपासण्यासाठी जन्माला आला आणि त्याला तपासायला काही नाही, म्हणजे मग तो घरातल्या वस्तू तपासतो. आईनं निवडलेले तांदूळ ते पुन्हा निवडू लागले. एकदा त्यांनी आईची आंबोळी उजेडासमोर धरून "जाळी एकसारखी नाही" असं सांगितलं. त्या दिवशी आईनं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं आणि म्हणाली, "जा, वाचनालयात जाऊन बसा, नाहीतर मी तुम्हाला रिजेक्ट करीन."

त्या संध्याकाळी वाचनालयात नेमकं आदिमानवावर व्याख्यान होतं. पडद्यावर चित्रं दाखवली होती. पाण्याच्या थेंबासारखे, वर निमुळते, खाली गोल दगड. मुठीत धरून मांस कापायचे, हाडं फोडायची. अण्णा घरी आले ते वेगळेच दिसत होते. दुसऱ्या दिवशी सायकलीवरून बदलापूरला, उल्हास नदीच्या पात्रात. नदीच्या पात्रात दगडांना काय तोटा? अण्णांनी एक उचलला, मुठीत धरला, बसला. पास. दुसरा धरला, बसला. पास. जन्मभर गेजमध्ये माल बसवून बघितलेल्या माणसानं आपली मूठच गेज म्हणून वापरायला घेतली होती, आणि या गेजमधून आजवर एकही दगड नापास झाला नव्हता. कारखान्यात असं झालं असतं तर अण्णांनी आधी गेज फेकून दिलं असतं. पण स्वतःच्या मुठीवर संशय कोण घेतो?

डबा घेऊन जायचे आणि डब्यात दगड घेऊन यायचे. आई म्हणायची, "कामावर होते तेव्हा रिकामा डबा घरी यायचा. आता बेकार आहेत तर भरलेला येतो." मागच्या खोलीत आधी एक फळी लागली, मग दुसरी, मग चारी भिंतींना. मी आपली स्वयंपाकघरात स्टोव्हच्या भगभगीशेजारी पाट टाकून रसायनशास्त्र वाचायची. सुकट भाजल्याचा धूर आणि सेंद्रिय संयुगं ही माझ्या डोक्यात अजूनही एकत्र आहेत. मी अण्णांशी खोलीवरून भांडले नाही असं नाही. "अण्णा, त्यांना काय अभ्यास करायचाय? त्यांना बाहेर ठेवा ना, लाखो वर्षं बाहेरच तर होते," असं म्हटलं की ते दुखावल्यासारखे बघायचे. "कुंदे, हा माणसाचा पहिला माल आहे. पहिला!" म्हणायचे आणि फडक्यानं एखादा पुसायला घ्यायचे.

चाळीनं अर्थात पोट धरून हसून घेतलं. भाजीवाल्याकडे वजन कमी पडलं की लोक म्हणत, अण्णांकडून एक दगड आणा. मला हसणाऱ्यांचा राग यायचा आणि अण्णांचाही यायचा, आणि दोन्ही राग एकदम सांभाळायला खोली नव्हती. पण हसणं थांबलं ते एका दिवसात. आमच्या वॉर्डात एक पुढारी होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आली होती आणि भाऊंना उद्घाटन करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुतारी झाली, वाचनालयाचा पंखा झाला, बसथांब्याची शेड दोनदा झाली. कुणीतरी त्यांना सांगितलं की चाळीत आदिमानवाची हत्यारं सापडली आहेत. भाऊ आले, त्यांच्या मुठीत दगड गेला, बसला, आणि भाऊ म्हणाले, "अण्णा, म्युझियम करू. आपल्या वॉर्डात. फर्स्ट क्लास. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

त्या दिवसापासून आमच्या घरी वेगळंच सुरू झालं. आदिमानव कोणाचा, यावर. बदलापूरकडच्या गावातले एक आजोबा आले आणि म्हणाले, "नदी आमची, तर मानूस बी आमचाच. आमी हितं पयल्यापासून हाव." सावंतकाका म्हणाले, हत्यार ज्या पद्धतीनं धरलंय ती पद्धत कोकणातली आहे, कोयत्यासारखी. पलीकडच्या गल्लीतल्या शास्त्रींनी हातही न लावता सांगितलं की हे यज्ञाचं साहित्य असून यावर पूर्वीच लिहून ठेवलेलं आहे. ज्याच्याकडे अंगभर कपडा नव्हता त्या माणसाला पोटजातीसकट आडनाव द्यायला माझ्या देखत पुढची खोली भरली होती. त्याला काय खायला मिळायचं, हे एकानंही विचारलं नाही. विचारलं फक्त आईनं, आणि तिला कुणी उत्तर दिलं नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प एकमधून लछमनदास शेठ आले. त्यांचं फर्निचरचं दुकान होतं, आणि त्यांनी एक काचेचं शोकेस हातगाडीवरून फुकट पाठवून दिलं. वरच्या काचेवर त्यांच्या दुकानाचं नाव लाल-पिवळ्या रंगात असं रंगवलेलं होतं की आतला दगड बघायला वाकावं लागे. सोबत दाल-पकवानाचा डबा. शेठ अण्णांना म्हणाले, "साईं, पत्थर को काच के पीछे रखो. काच के पीछे सब असली दिखता है." त्यांच्याइतकं खरं त्या महिन्यात आमच्या घरात कुणी बोललं नाही, पण आम्ही पकवान खाण्यात गुंग होतो.

उद्घाटनाचा रविवार ठरला. बॅनर लागले. बॅनरवर भाऊंचा चेहरा मोठा, त्याखाली त्यांच्या भाच्याचा, आणि कोपऱ्यात एक आदिमानव काढला होता, तो कंबरेला कातडं गुंडाळून भाऊंकडे आदरानं बघत होता. आणि इथं अण्णांच्यातला तपासनीस जागा झाला. "तपासणीशिवाय माल बाहेर जात नाही," ते आईला म्हणाले. "मी तपासलाय, पण मी बनवणाऱ्याच्या बाजूचा. बाहेरचा माणूस बघायला हवा." वाचनालयातल्या व्याख्यानाच्या ओळखीनं त्यांनी स्वतःच पुण्याला, अशी हत्यारं खणून काढणाऱ्या अभ्यासकांकडे, निरोप पाठवला. कुणी मागितलं नव्हतं. भाऊंना कळलं असतं तर त्यांनी अडवलंच असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, असं आई म्हणाली, आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं करायला वाटाणे भिजत घातले.

पुण्याहून बाई आल्या त्या उन्हानं रापलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी. वयानं फार तर माझ्या मोठ्या मावसबहिणीएवढ्या. अण्णांनी उंबऱ्यातच त्यांच्यापुढे आपला लाडका दगड धरला. तो खरोखर देखणा होता, थेंबाच्या आकाराचा, कडा अशा धारदार की त्यानं सुपारी कातरावी. बाईंनी तो मुठीत धरलाच नाही. बोटांच्या टोकांनी कडेला धरून त्यांनी तो खिडकीच्या उजेडात फिरवला. अण्णा अस्वस्थ झाले. "मुठीत धरून बघा ना."

"मूठ सोडून द्या, अण्णा," बाई म्हणाल्या. "माणसाची मूठ फार मनमिळाऊ असते. तिच्यात काहीही बसतं."

मग त्यांनी परसात जाऊन एक गोटा उचलला, दुसऱ्या गोट्यानं त्याच्या कडेला एक नेमका घाव घातला. ठण्ण असा आवाज झाला आणि एक कपचा सुटून आमच्या तुळशीपाशी पडला. आई आतून ओरडली, "बाई, पाट्यावर नका हो मारू!" बाईंनी कपचा अण्णांच्या हातात दिला. जिथं घाव बसला त्याच्या बरोबर खाली कपच्याला एक लहानसा फुगवटा आला होता, आणि त्याच्यापासून पाण्यात खडा टाकल्यावर निघतात तशा पुसट लाटा. गोट्यावर त्याच जागी खळगा. "माणूस मारतो तेव्हा असं होतं," बाई म्हणाल्या. "पण नदीतही दगडावर दगड आपटतो, खडीच्या क्रशरमध्येही आपटतो, तेव्हाही एखाद-दुसरा असा निघतो. म्हणून एका खळग्यावर भुलायचं नाही. खळग्यामागे खळगा हवा, एका कडेनं, आधी या बाजूनं मग त्या बाजूनं, काहीतरी आकार मनात धरून. नदीच्या मनात काही नसतं. ती चहूकडून मारते आणि वर कडा घासून गोल करते."

"पण हा तर गोल नाही," अण्णा लाडका दगड पुढे करून म्हणाले. "हा धारदार आहे."

"कुठं सापडला?"

"बदलापूरच्या रस्त्याला. नदीकडे वळतो तिथं."

"तिथं खडीची मशीन आहे ना? येताना मी पाहिली. आता याची कातडी बघा. दगड जुना झाला की त्याला भुरकट कातडी येते. हत्यार जुनं असेल तर घावांवरही तीच कातडी हवी, कारण घावही जुने. इथं घाव निळे-काळे, ताजे. अण्णा, फार तर गेल्या वर्षी फुटलाय हा."

अण्णांचा चेहरा मला बघवेना. पण बाई तिथं थांबल्या नाहीत, आणि त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना अजून मानते. त्यांनी "वाईट वाटून घेऊ नका" वगैरे काही म्हटलं नाही. झोळीतून कापडात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि अण्णांपुढे ठेवली. खरं हत्यार. दुसरीकडचं, खणून काढलेलं. दिसायला ते लाडक्या दगडाहून कितीतरी ओबडधोबड होतं. अण्णांनी चष्मा पुसला. हत्यार बोटांच्या टोकांनी उचललं, बाईंनी धरलं होतं तसंच, आणि खिडकीशी नेलं. एक खळगा, त्याला छेदून दुसरा, उलटून मागे तिसरा. त्यांचे ओठ हलत होते. कारखान्यात नवीन गेज आलं की ते असंच करत असतील. मग ते म्हणाले, "हा माणूस मध्येच चुकलाय. इथं घाव खोल गेला, म्हणून पुढचा त्यानं सांभाळून घातलाय."

"तुमची नजर चांगली आहे," बाई म्हणाल्या.

मला त्या क्षणी रडूच आलं, आणि कशाचं ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता येतं. माणसाला आयुष्यातलं सर्वांत मोठं काम नीट शिकायला मिळावं, आणि ते शिकल्या शिकल्या त्याला पहिला उपयोग स्वतःचंच घर मोडायला करावा लागावा, हे मी समोर बसून बघत होते.

जेवणं झाली. बाईंनी आंबोळ्या मागून घेतल्या आणि जाळीबद्दल काही बोलल्या नाहीत, त्यामुळे आईनं त्यांना विद्वान ठरवून टाकलं. मग दुपारभर अण्णा मागच्या खोलीत फळ्यांपुढे बसले. मी एकेक दगड देत होते, ते बघत होते, आणि बाई नुसत्या शेजारी बसून होत्या. अण्णांनी त्यांना एकदाही विचारलं नाही. "नदी. नदी. खडी. नदी. हा वरून पडून फुटलाय." थोड्या वेळानं मलाही दिसायला लागलं, आणि दगड हातात देण्याआधीच माझ्या तोंडून "नदी" निघू लागलं. एका दगडापाशी अण्णा अडले. बाईंनीही तो उजेडात धरला, फिरवला. "शंका घ्यायला जागा आहे," त्या म्हणाल्या. "एखादी बाजू माणसाची असेलही." अण्णांनी तो त्यांच्या हातातून हलकेच काढून घेतला. "आमच्यात शंका म्हणजे रिजेक्ट," ते म्हणाले. संध्याकाळी बाई गाडीला गेल्या तेव्हा फळ्यांवर एकही हत्यार नव्हतं. दगड मात्र सगळे होते.

अण्णा भाऊंकडे गेले आणि म्हणाले, उद्घाटन रद्द करा, माल खोटा आहे. भाऊंनी त्यांना बसवलं, थंडा मागवला. "अण्णा, खरं-खोटं आपण नंतर बघू ना. बॅनर लागलेत." आपल्याकडे सत्याला थांबायला सांगतात, बॅनरला नाही. तिथून अण्णा शेठकडे गेले, शोकेस परत न्या म्हणाले. शेठ हसले. "साईं, असली-नकली गिराक बोलेगा. दुकानदार कभी बोलता है क्या?" अण्णा घरी आले आणि आईला म्हणाले, "ठीक आहे. सगळे येतायत ना? मग सगळ्यांसमोर सांगतो."

रविवारी सकाळी मला ऑइलपेंटच्या वासानं जाग आली. अण्णा मागच्या खोलीत, इस्त्रीचा शर्ट घालून, एकेका दगडावर तांबडा ठिपका देत होते. कारखान्यातलाच डबा, कारखान्यातलाच ब्रश. ठिपका अगदी मधोमध, गोल, ओघळ नाही. मी विचारलं, "अण्णा, हे कशाला?" ते म्हणाले, "तोंडी सांगितलेलं उद्या कुणीही फिरवेल. ठिपका फिरत नाही." त्यांना केवढी खात्री होती! माझ्या ध्यानात तेव्हाच यायला हवं होतं, कुणाच्याही आलं असतं, पण आमच्या घराला तांबडा ठिपका म्हणजे नापास एवढंच ठाऊक होतं.

पहिल्यांदा आत डोकावल्या त्या सावंतकाकू. काळे दगड फळ्यांवर ओळीनं मांडलेले, पुसून तुकतुकीत केलेले, आणि प्रत्येकाच्या कपाळावर ओला तांबडा टिळा. काकूंनी गालावर हात मारला. "अगंबाई! अण्णांनी प्रतिष्ठापना केली की!" आणि त्यांनी चपला काढल्या. त्यांच्या मागच्या बाईनं काढल्या, तिच्या मागच्यांनी काढल्या. एकदा चपला निघाल्या की आपल्याकडे वादविवाद संपतो. फीत कापून भाऊ आत आले, त्यांनी दाराबाहेरचा चपलांचा ढीग बघितला आणि न सांगता बूट काढून हात जोडले. कुणीतरी नारळ पुढे केला. नारळ फोडायला दगड लागतोच. भाऊंनी शोकेसमधला लाडका दगड उचलला आणि त्याच्यावर फोडला. लाखो वर्षांत, किंवा गेल्या वर्षभरात म्हणा, त्या दगडाचा पहिल्यांदा कशासाठी तरी उपयोग झाला.

मग अण्णा बोलायला उभे राहिले. मशीनच्या आवाजावर आवाज चढवायची सवय असलेला त्यांचा आवाज चाळीच्या टोकापर्यंत जात असे. ते म्हणाले, "या खोलीत एकही हत्यार नाही. हे सगळे दगड आहेत. साधे. मी चुकलो होतो. तांबडा ठिपका म्हणजे नापास. मी हा सगळा लॉट रिजेक्ट करतोय." आणि त्यांनी एकेक दगड हातात घेऊन का नापास ते सांगितलं. फुगवटा, लाटा, खळग्यामागे खळगा, कातडी, नदीच्या मनात काही नसणं. आमच्या कॉलेजात मी इतकं सुंदर व्याख्यान कधी ऐकलं नाही. खोली शांत होती. अण्णांना वाटलं लोक ऐकतायत. मग मागून कुणीतरी "हर हर महादेव" केलं, आणि टाळ्या पडल्या.

भाऊंनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा! एवढा मोठा शोध लावला आणि माणूस म्हणतो मी काहीच केलं नाही. याला म्हणतात संस्कार. पहिला माणूस आपल्याच वॉर्डात झाला, हे आता कुणीही नाकारू शकत नाही." पुन्हा टाळ्या. अण्णा म्हणाले, "अहो, मी नाकारतोय!" ते टाळ्यांत गेलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण घडा निदान आपण भरलोय असं तरी म्हणत नाही.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण पोरांना सांगतो. आमच्या दगडांना एकही घाव न सोसता आलं. किंबहुना त्यांच्यावर माणसाचा एकही घाव नाही एवढं एकच त्यांच्याबद्दल सिद्ध झालं होतं. निघताना सावंतकाकूंनी पदराखाली एक घेतला. बाकीच्यांनी पदराखाली घेण्याचीही तसदी घेतली नाही. कुणी पिशवीत, कुणी रुमालात, कुणी टोपीत. अण्णा दारात उभे राहून प्रत्येकाला अडवत होते. "अहो, रिजेक्ट आहे तो." "असू दे हो अण्णा, आम्हाला चालतंय." "तो नदीचा गोटा आहे!" "मग तर चांगलंच की, वाहत्या पाण्यातला." लछमनदास शेठनी एक उचलून कपाळाला लावला, "गल्ले के ऊपर रखूंगा, साईं. बहुत पुराना है." शंकेचा दगडही गेला, कुणाकडे ते कळलं नाही. तासाभरात माझी खोली रिकामी झाली. मी इतके महिने जे मागत होते ते चाळीनं हात जोडून करून दिलं.

आता मी बदलापूरला टॉवरमध्ये राहते. खालून नदी दिसते, तिच्या काठावर आता प्लॉटच्या जाहिराती आहेत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक फोटो फिरून येतो: तांबडा टिळा लावलेला काळा दगड, खाली "आपल्या तालुक्यातील मानवजातीचे आद्य दैवत", आणि तीन घंटा, दोन जोडलेले हात. एकदा मी लिहिलं, हा माझ्या वडिलांनी नापास केलेला खडीचा तुकडा आहे. अ‍ॅडमिननं मला ग्रुपमधून काढलं. तो सावंतांचा नातू.

त्या रविवारी लोक गेल्यावर आईनं खोली झाडून घेतली. फळ्यांवर दगडांच्या जागी धुळीचे गोल उरले होते तेही पुसले, आणि माझी पुस्तकं आणून लावायला लागली. अण्णा तिथंच जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाखेरीज काही नव्हतं. आईनं दोनदा हाक मारली, ताट वाढून झाकून ठेवलं. ते हलले नाहीत. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुंदे, बाई आल्या तेव्हा तू होतीस ना दुपारभर. खरं सांग. तुलाही तसंच वाटतं का, मी उगाच नम्रपणानं बोललो?"

मी त्यांना समजावणीचं काही बोलले नाही. बाईही बोलल्या नव्हत्या. "नाही अण्णा," मी म्हटलं. "तुमचा लाडका होता त्याचे घाव ताजे होते, कातडी नव्हती. खिडकीखालच्या फळीवरचे सगळे नदीचे, चारी बाजूंनी मार लागलेले, कडा गोल झालेल्या. कोपऱ्यातले तीन क्रशरचे. एकाच्याही कडेला खळग्यामागे खळगा नव्हता. सगळा लॉट नापास."

"सगळा?"

"सगळा."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, पण लगेच घातला नाही. "बाई तर पुण्याला गेल्या," ते म्हणाले. "इथं राहणाऱ्यांत एकाला तरी माहीत असायला हवं होतं." मग भिंतीला हात लावून उठले. "वाढ म्हणावं तुझ्या आईला. गरम वाढ म्हणावं."

मी आईला हाक मारली आणि झाकलेलं ताट उचलून तिच्याकडे नेलं.